आजीच्या नावाचा बरिटो

शेफ,

तुम्ही आता कांद्याच्या पोत्यांसमोर आहात. तुम्ही म्हणजे तुमचा तो मोठा फोटो, काळ्या जाकिटातला, हाताची घडी घालून किंचित तिरकं हसणारा. तुमच्या रेस्टॉरंटमध्ये शिरलं की समोरच्या भिंतीवर आधी तोच दिसायचा. गेल्या महिन्यात तो मी काढायला लावला. फेकून दिला नाही. तुमच्या मिसेसनी विचारलं, आता हा ठेवायचा कुठे, तेव्हा मीच म्हटलं की ड्राय स्टोअरमध्ये लावा, तिथली भिंत रिकामीच आहे. त्यामुळे हल्ली तुमच्यासमोर कांदे असतात, उजव्या हाताला टिश्यू पेपरचे खोके, आणि दिवसातून बऱ्याचदा कुणीतरी दार उघडून तुमच्याकडे न बघता मैद्याची गोणी घेऊन जातं. हे तुम्हाला कळवावं असं फार वाटत होतं, म्हणून लिहायला बसले. तुम्हाला जाऊन बारा वर्षं होत आली. इतक्या वर्षांत मनातल्या मनात मी तुमच्याशी जितकी भांडले तितकी नवऱ्याशीही भांडले नसेन.

मी कोण हे तुम्हाला आठवलं नसतं तरी नवल नाही. दुबईत, क्रीकच्या खाडीजवळच्या त्या हॉटेलच्या किचनमध्ये तुमच्या हाताखाली माझ्यासारख्या कितीतरी आल्या आणि गेल्या. मी ब्रेकफास्टच्या शिफ्टला, अंड्यांच्या स्टेशनवर. रत्नागिरीकडची, डोक्याला स्कार्फ बांधणारी. तुम्ही पुण्याचे. सगळ्या किचनशी तुम्ही हिंदीत बोलायचात, मॅनेजर लोकांशी इंग्लिशमध्ये आणि माझ्याशी मराठीत. पण मराठी तुम्ही फक्त ओरडण्यासाठी राखून ठेवली होती. "अक्कल काय गहाण टाकून आलीस?" हे तुम्ही इतक्या गोड आवाजात म्हणायचात की शेजारच्या मल्याळी आणि नेपाळी मुलांना वाटायचं, शेफ हिला गावाकडची खुशाली विचारतायत. ते माझ्याकडे बघून हसायचे. त्यांना काय सांगणार, म्हणून मीही हसायचे.

शिकवलंत मात्र, ते नाकारत नाही. अंडं ओलसर असतानाच आचेवरून उतरवायचं, उरलेलं ते स्वतःच्या गरमीवर होतं, हे तुमचं. गुंडाळलेल्या पदार्थाची परीक्षा शेवटच्या घासाला होते, पहिला घास कुणीही चांगला करतो, हेही तुमचंच. पहिल्या ईदला तुम्ही मला एक जपानी सुरी दिली होतीत, पातळ पात्याची, लाकडी मुठीची. "ही कुणाच्या हाती द्यायची नाही. आणि हिनं भाजी आणि मांस सोडून काही कापायचं नाही," असं बजावलं होतंत. ती अजून माझ्याकडे आहे. तिनं मी ऑनलाइन आलेली पार्सलं उघडते. टेप कापते, पुठ्ठा कापते, परवा मुलीच्या शाळेच्या प्रोजेक्टचा थर्माकोल तिनंच कापला. तुम्ही बघितलं असतंत तर ज्या छातीतल्या कळेनं तुम्हाला नेलं ती पुन्हा एकदा आली असती.

आता मूळ गोष्टीकडे येते. बर दुबई ह्या भागात, कापडाच्या दुकानांच्या मागच्या गल्लीत आमचं घर होतं. अब्बा गोदीत कामाला आणि कंपनीची बस उजाडायच्या आत यायची, म्हणून अम्मी त्यांना एका हातानं खाता येईल असं काहीतरी करून द्यायची. मला ते किचन अजून दिसतं. तव्यावर मैद्याची पातळ रोटी फुगते आहे. बाजूला आदल्या दिवसाचा खिमा कोरडा होतो आहे. त्यात ती अंडी फोडते, पण ढवळत नाही, उलथन्यानं नुसती अलीकडून पलीकडे ढकलते. मग बारीक चिरून कुरकुरीत तळलेले बटाटे, आणि वर ओल्या खोबऱ्याची हिरवी चटणी, त्यात कोकमाचं आगळ, म्हणजे कोकमाचा आंबट गर्द रस. सगळं रोटीत घालून ती दोन्ही टोकं आत दुमडते आणि घट्ट गुंडाळून कागदात बांधते. बरिटो हा शब्द तिनं तोवर ऐकलेला नव्हता. आम्ही त्याला अब्बांची गुंडाळी म्हणायचो.

एकदा स्टाफच्या नाश्त्याला खिमा उरला होता, तर मी टॉर्टियात, त्या मेक्सिकन पोळीत, तशीच गुंडाळी करून ट्रेमध्ये ठेवली. तुम्ही जाता जाता एक उचललीत आणि तिथेच उभे राहून शेवटपर्यंत खाल्लीत. अंगठा चाटलात. मग विचारलंत, "कोणी केलं?" मी घाबरत हात वर केला. "उद्या परत कर. मला बघायचंय." तुम्ही माझ्याकडून ती पुन्हा पुन्हा करून घेतलीत. आगळ कुठून आणतेस, बटाटे आधी उकडतेस का, खिम्यात मसाला कुठला, सगळं विचारलंत, आणि मी मूर्खासारखी आनंदानं सांगत गेले. घरी जाऊन अम्मीला म्हटलं, आमच्या शेफना तुझी गुंडाळी फार आवडली. गावाहून येणारं आगळ ती थेंबाथेंबानं वापरायची. त्यातली एक भरलेली बाटली तिनं तुमच्यासाठी दिली. तुम्ही ती घेतलीत. थँक यू सुद्धा म्हणालात.

मग ती गुंडाळी हॉटेलच्या ब्रंचमध्ये आली, बरिटो म्हणून. तोवर मला अभिमानच वाटत होता. पुढे एका मासिकात तुमची मुलाखत आली, पानभर फोटो आणि खाली मोठ्या अक्षरात, आजीच्या स्वयंपाकघरातून. पहाटे चुलीपुढे बसलेली तुमची आजी, तिच्या हातचा खिमा, तिची कोकमाची चटणी, सगळं तुम्ही डोळ्यांत पाणी आणून सांगितलं होतंत. शेजारणीनं ते मासिक कौतुकानं आमच्याकडे आणलं. अम्मीला इंग्लिश वाचता येत नव्हतं, म्हणून मी वाचून दाखवलं. मध्ये थांबायला हवं होतं, पण वाचतच गेले. अम्मीनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ह्या माणसाच्या आजीला माझा खिमा कसा ठाऊक?"

ती उठली आणि तिनं गॅस बंद केला. ती त्यानंतर रडली नाही, ओरडली नाही, तुम्हाला शिव्याही दिल्या नाहीत. फक्त अब्बांच्या डब्यात ब्रेड-बटर जायला लागलं. अब्बांनी एकदा विचारलं, गुंडाळी का नाही केलीस? ती म्हणाली, "ती आता हॉटेलात मिळते." त्या दिवसानंतर तिनं ती कधी केली नाही. अब्बा गेले, ते पुन्हा ती न खाताच गेले.

तुमच्याशी मी बोलले तो दिवस तुम्हाला आठवत असेल, कारण तसं तुमच्याशी कुणी बोलत नसे. सकाळचं ब्रीफिंग चालू होतं. मी मुद्दाम हिंदीत बोलले, म्हणजे सगळ्यांना कळावं. म्हटलं, शेफ, ती मेरी अम्मी की रेसिपी आहे, निदान आजीची तरी म्हणू नका. घाबरल्यामुळे हिंदीत मराठी मिसळत होती. तुम्ही शांतपणे टोपी नीट केलीत आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा हिंदीत म्हणालात, "किचन में जो बनता है वो शेफ का होता है. अम्मी घर पे." सगळे हसले. मग माझ्याजवळून जाताना मराठीत, अगदी हळू, "उद्यापासून बटाटे." कॉन्ट्रॅक्ट संपेपर्यंत मी बटाटे सोलले. पुढचं कॉन्ट्रॅक्ट तुम्ही मला दिलं नाहीत. खलास.

तुम्ही पुढे समुद्राच्या बाजूला स्वतःचं रेस्टॉरंट काढलंत. भिंतीवर तुमचा फोटो, त्याखाली आजीची ती ओळ, आणि मेनूत सगळ्यात वर तो बरिटो. मी त्या रस्त्यानं जायचंच टाळत असे. लग्न झालं, मुलगी झाली, दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कातल्या एका मोठ्या केटरिंग किचनमध्ये मेनू ठरवायचं काम मिळालं. एकदा तरी तुमच्या समोर जाऊन उभं राहायचं आणि बोलायचं, असं ठरवलं होतं. वाक्यं तयार होती, गाडी चालवताना मोठ्यानं म्हणून बघायचे. आणि मग जुन्या किचनमधल्या एकाचा मेसेज आला की शेफ गेले, हार्ट अटॅक, सर्व्हिस चालू असतानाच. लोक खाली रडणारे चेहरे टाकत होते. मला राग आला, शेफ. इतका राग मला तुम्ही जिवंत असताना कधी आला नव्हता. तुम्ही सुटलात असं वाटलं. माझ्या तोंडून दुआसुद्धा निघाली नाही.

या वर्षी एका वेबसाइटनं मला विचारलं, दुबईत सगळ्यात चांगला ब्रेकफास्ट बरिटो कुठे मिळतो ते शोधून लिहाल का? सध्या ह्या शहराला बरिटोचं वेड लागलंय. मी हो म्हणाले आणि त्याच क्षणी मला तुमचा चेहरा दिसला. शनिवारी सकाळी मुलीला गाडीत घालून मी निघायची. अल क्वोजमध्ये गोदामाचं कॅफे केलेलं आहे, तिथला बरिटो दिसायला देखणा, पण आत निम्मा भात. आमच्या ऑफिसजवळच्या कॅफेटेरियात एक मल्याळी भाई ऑम्लेटमध्ये बटाट्याचे चिप्स चुरून पराठ्यात बांधतो आणि त्यालाच बरिटो म्हणतो. चूक आहे, पण खाताना तक्रार सुचत नाही. एका हॉटेलात सोन्याचा वर्ख लावलेला मिळाला. मुलगी म्हणाली, "मम्मी, इट टेस्ट्स लाइक नथिंग," आणि मी तेच लिहिलं. सत्वा भागात एका फिलिपिनो बाईची खिडकीएवढी जागा आहे. तिच्याकडे लसणात परतलेले बटाटे, ओलसर अंडं, आणि शेवटच्या घासातसुद्धा सगळं थोडं थोडं. पहिला नंबर तिला द्यायचा हे मी तिथेच फुटपाथवर ठरवलं.

तुमच्याकडे सगळ्यात शेवटी गेले. खरं सांगायचं तर दोन्ही इच्छा होत्या. चांगला असावा, म्हणजे अम्मीचा हात अजून कुठेतरी आहे असं म्हणता येईल. आणि घाण असावा, कारण तुमचा आहे. फ्रीझरमधले बटाटे, रबरासारखं अंडं, कोकमाच्या जागी व्हिनेगर, आणि खालून पाणी सुटलेलं. मुलीनं दोन घास खाल्ले आणि विचारलं, "इट्स सॉगी. अँड हू इज दॅट अंकल ऑन द वॉल?"

"त्यानं तुझ्या नानीला चोरलं," मी म्हटलं.

"यू कान्ट स्टील अ नानी, मम्मी."

"चोरता येते. त्याच्या फोटोखालची ओळ वाच."

खोटं लिहायची गरज पडली नाही, याचा मला फार आनंद झाला. जे होतं ते लिहिलं, आणि शेवटी एक वाक्य घातलं, ज्या आजीचं नाव भिंतीवर आहे तिनं हा बरिटो खाल्ला असता तर ताटासकट परत पाठवला असता. त्या वाक्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. छापून आल्यावर ते मी पुन्हा पुन्हा वाचलं.

थोड्या दिवसांनी फोन आला. मराठीत, दमलेल्या आवाजात. "मी त्या रेस्टॉरंटची मालकीण बोलतेय. तुम्ही लिहिलंत ते खरं आहे. कसं सुधारायचं ते सांगाल का?" मी भांडायच्या तयारीनं गेले. तुमच्या मिसेस काउंटरमागे बसल्या होत्या, साडीवर स्वेटर, एसी सोसत नाही म्हणून. मला वाटलं होतं तुमच्यासारखंच कुणीतरी असेल, ताठ, गोड बोलून चिमटे काढणारं. त्यांनी चहा मागवला आणि म्हणाल्या, "ते आजीचं वाक्य वाचून मी एकटीच हसत बसले. ह्यांची आजी? अहो, कडक सोवळ्यातली बाई. अंड्याचं भांडं घरात आलं असतं तर तिनं भांडं आणि नातू दोन्ही अंगणात ठेवले असते."

मी कप खाली ठेवला. "म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?"

"लग्नाच्या बायकोला काय ठाऊक नसतं? दुकान चालत होतं, मी गप्प बसले." मग माझ्याकडे नीट बघून त्यांनी विचारलं, "कुणाचं होतं ते?"

"माझ्या अम्मीचं."

त्यांनी बशीतली बिस्किटं माझ्याकडे सरकवली. नंतर म्हणाल्या, "मग तुम्ही अजून वाईट लिहायला हवं होतंत."

शेफ, माझी सगळी तयार वाक्यं तिथेच फुकट गेली. तुमच्या बाजूनं भांडायला कुणी उरलंच नव्हतं. त्यांनी सांगितलं की असंच चाललं तर उन्हाळ्यापर्यंत बंद करावं लागेल. मी विचार करून सांगते म्हणून निघाले आणि पार्किंगमध्ये गाडीत बसून राहिले. काही न करणं सोपं होतं. नुसतं घरी जायचं, आणि तुमच्या नावाची पाटी आपोआप उतरली असती. मोह झाला, खोटं कशाला सांगू. पण मग लक्षात आलं, बंद पडलं तर ते तुमचं म्हणूनच बंद पडेल. लोक म्हणतील, काय सुंदर बरिटो होता त्यांच्या आजीचा. तुम्ही आजीसकट अमर व्हाल. तेवढं मला परवडणारं नव्हतं. मी परत आत गेले आणि म्हटलं, शिकवते, पण भिंत माझी.

"फोटो पण?" त्यांनी विचारलं.

"फोटो पण."

"न्या की! रोज माझ्याकडे बघून हसतात. विजेचं बिल आलं की जास्तच हसतात."

पेंटर आला त्या सकाळी मी मुद्दाम समोरच्या टेबलावर बसले होते. तुमची आजी एका हातात गेली नाही. पहिला हात सुकला तरी खालून अक्षरं दिसत होती, दुसरा मारावा लागला. ती पुरती जाईपर्यंत मी तिथून हलले नाही. त्या जागी आता लिहिलंय: रत्नागिरीच्या एका अम्मीच्या किचनमधून, जिला विचारलं नव्हतं. मराठीत आणि इंग्लिशमध्ये. शेवटचे तीन शब्द वाचून तुमच्या मिसेसनी भुवया वर केल्या, मग म्हणाल्या, "राहू दे. खरंच आहे."

आणि तुमच्या किचनमध्ये, तुमच्या तव्यावर, मी तुमच्या कुकना अम्मीची गुंडाळी शिकवली. बटाटे ताजे, अंडं ढकललेलं, आगळ गावाहून. ते मला "येस शेफ" म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी त्यांना पुन्हा म्हणायला लावलं.

अम्मी आता गावी असते. तिला व्हिडिओ कॉल लावला आणि मुलीनं फोन भिंतीसमोर धरला. ह्या खेपेला वाचून दाखवायची माझी पाळी आनंदाची होती. तिनं फोन डोळ्यांजवळ नेला.

"विचारलं नव्हतं, असंपण लिहिलंस?"

"हो."

"मोठ्या अक्षरांत?"

"हो, अम्मी. रस्त्यावरून दिसतं."

"बरं केलंस." मग तिनं बरिटोची किंमत विचारली, मनात त्याचे रुपये केले आणि तौबा तौबा म्हणाली. फोन ठेवायच्या आधी अचानक म्हणाली, "तो माणूस गेला ना गो?"

"केव्हाच गेला."

"अल्लानं माफ केलं असेल त्याला. तो मोठा आहे." मग पदर सारखा करत, "मी नाही केलं. माझ्याकडं तो आला होता कुठं मागायला?"

तिनं हे अगदी साध्या आवाजात सांगितलं, जसं भात झालाय म्हणून सांगावं. मी इतकी वर्षं समजत होते की हा सगळा राग मी एकटीच सांभाळून आहे.

शनिवारी सकाळी आता तुमच्याकडे बाहेर रांग असते. लोक त्या ओळीखाली उभे राहून फोटो काढतात आणि काउंटरवर येऊन विचारतात, ही अम्मी कोण? तुमच्या मिसेस सगळी गोष्ट रंगवून सांगतात. दर आठवड्याला त्यात थोडी भर पडते. त्यांच्या गोष्टीतले तुम्ही खऱ्या तुमच्यापेक्षाही वाईट आहात. मी बाजूला उभी राहून ऐकते आणि दुरुस्ती करत नाही. तुमच्या पश्चात तुमच्याबद्दल कुणीतरी बनवून सांगतंय, आणि तुम्हाला काही बोलता येत नाही, हे मला रास्त वाटतं.

हे पत्र कुठेच जाणार नाही. ड्राय स्टोअरमध्ये तुमच्या फोटोखाली चिकटवावं असं एकदा मनात आलं होतं, पण तिथे कुक लोक येतात, आणि हे आपल्या दोघांतलं आहे. फक्त एक गोष्ट. लिहायला बसले तेव्हा ठरवलं होतं की तुम्हाला अरे-तुरे करायचं. मेलेल्या माणसाला कसलं अहो-जाहो? पहिली ओळ तशीच लिहिली होती, तू आता कांद्याच्या पोत्यांसमोर आहेस. वाचली, आणि पाठीमागून कुणी बघतंय का म्हणून वळून पाहिलं. मग खोडली.